धुराड्याखालची बदकं

बदकं आत जायला तयार नव्हती.

मगरिबची, मावळतीची बांग होत आली होती. नऊच्या नऊ बदकं भट्टीघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकली होती. सगळ्यांत पुढची, जाड मानेची करडी बदकी मान लांब करून आत डोकवायची, क्षणभर काहीतरी ताडायची आणि मागे वळायची. ती वळली की मागची आठही वळायची आणि सगळा तांडा पुन्हा अंगणातल्या नळाशी जाऊन उभा राहायचा.

राव्या पत्र्याचा डबा घेऊन उभी होती. डब्यावर तीन टिचक्या मारायच्या आणि बाजूला सरकायचं, आई एवढंच करायची. राव्याने तीन मारल्या, मग पाच, मग डबा खाली ठेवला.

"ढकल ना त्यांना!" स्वयंपाकघराच्या दारातून तहानी मावशी ओरडली. "परवानगी कसली मागतेस? ती काय तुझ्या लायब्ररीतली पुस्तकं आहेत, की ज्याचं त्याला विचारून कपाटात ठेवशील?"

"आईच्या वेळी आपण होऊन जायची, मावशी."

"तुझ्या आईच्या वेळी मीसुद्धा न बोलावता यायचे. आता बघ, बोलवावं लागतं."

ते काही खरं नव्हतं. मावशी शेजारच्याच घरात राहायची आणि गेले बावीस दिवस न बोलावता दिवसातून चार वेळा येत होती. बहीण गेल्यापासून तिच्या बोलण्याला जरा जास्तच धार चढली होती, आणि राव्याला ते बरं वाटत होतं. शोकाला आलेल्या बाकीच्या बायका फार हळू बोलायच्या.

शेवटी दोघींनी मिळून एकेक बदक उचलून आत सोडलं. दार लावलं, दोन्ही कड्या घातल्या. आत बराच वेळ फडफड चालू होती.

भट्टीघर म्हणजे अंगणाच्या कडेची मातीची खोली. राव्या लहान असताना तिथे आठवड्याची भाकरी भाजली जायची. पुढे भाकरी बेकरीतून येऊ लागली, भट्टी थंड पडली, आणि आईने त्या खोलीचं बदकांचं खुराडं केलं. भिंती जाड, दार बुटकं, वर धुराड्याचं भोक. आई म्हणायची, घरातली सगळ्यांत चांगली खोली बदकांना दिली आहे, पाहुण्यांना सांगू नका.

बावीस दिवसांपूर्वी आई गेली. तीन दिवसांचा शोक उरकला, राव्याचा नवरा कैरोला परतला आणि राव्या चाळिसाव्यापर्यंत मागे राहिली. विचारणाऱ्यांना ती सांगायची की घर आवरायचं आहे. खरं कारण ही बदकं होती.

गेल्या शरदात, शेजारचे सुतार उस्ता मुख्तार यांच्या मुलीचं, रबाबचं लग्न झालं. रबाबला आई नव्हती. मेंदीच्या दिवशी बायकांनी भरलेल्या खोलीत राव्याच्या आईने, हाज्जा बहियाने सांगून टाकलं होतं, "रबाबचा पहिला मोसम माझ्या अंगणातून जाईल." इथे दुम्यातकडच्या खेड्यांत रजब महिना लागला की माहेरहून लेकीच्या सासरी बदकं जातात, त्यालाच मोसम म्हणतात. पहिल्या वर्षी जोडी लागते, तीही जिवंत. पाय बांधलेली, टोपलीत ओरडणारी, म्हणजे गल्लीला कळतं की या पोरीला मागे कुणीतरी आहे. जोडी आली नाही तर सासू काही बोलत नाही. वर्षभर फक्त आठवण करून देत राहते.

रजब लागायला चौदा दिवस उरले होते.

पुढच्या सकाळी एक बदक मेलेलं सापडलं.

"इरसा!" मावशीने छातीवर हात मारला. इरसा म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, पण दोन बोटांच्या फटीतून शिरणारा तपकिरी चोर. दुम्यातमधलं एकही घर त्याच्यावाचून नाही. "मी सांगत होते, ही खोली जुनी झाली. कापून टाक सगळी, फ्रीजमध्ये ठेव."

"थांब, मावशी." राव्याने बदक उलटंपालटं करून पाहिलं. मानेवर जखम नव्हती. पिसांत रक्त नव्हतं. चोच उघडी होती, आणि डोळ्यांच्या कडांना साबणासारखा फेस वाळला होता. "इरसा मानेला चावतो ना?"

"चावतो आणि रक्त पितो. बाकीचं टाकून जातो, उधळ्या नवऱ्यासारखा."

"मग हे कुणी केलं?"

मावशीने खांदे उडवले. राव्याच्या मनात मात्र तो प्रश्न रुतून बसला. कैरोच्या शाळेत ती ग्रंथपाल होती. कुणी काही विचारलं की कपाटाशी जाऊन उत्तर शोधायचं, हीच तिची नोकरी. आई गेल्यापासून तिने एकही पान वाचलं नव्हतं. त्या दिवशी तिने फोनवर बदकांबद्दल जे सापडेल ते वाचून काढलं, आणि मग भट्टीघरात जाऊन एकेक गोष्ट ताडून पाहू लागली.

जागा पुरेशी होती, एवढ्या खोलीत वीस बदकं मावली असती. बसायला दांडी लागत नव्हती, बदक कोंबडीसारखं वर चढत नाही. कड्या दोन, दोन्ही घट्ट. भिंतीच्या बुडाशी एकही फट नाही, आईने सगळी भोकं सिमेंट आणि काचेच्या तुकड्यांनी बुजवली होती. जमीन मऊ हवी, कोरडी हवी. ती तर राव्याने स्वतः केली होती. आठ दिवसांपूर्वी तिने सगळा जुना बिछाना उपसून काढला, फरशी धुतली आणि उस्ता मुख्तारच्या कारखान्यातून लाकडाचा नवा भुसा आणून पसरला. आई दर गुरुवारी तिथूनच आणायची. उस्ता नमाजाला गेलेले होते. दाराशी दोन पोती होती. एकात रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या साली होत्या, दुसऱ्यात पिठासारखा मऊशार भुसा. राव्याने मऊ होता तो घेतला. आईच्या बदकांना ओबडधोबड कशाला?

आणि थेट वारा नको, असंही लिहिलं होतं. तोही बंदोबस्त तिने त्याच दिवशी केला होता. समुद्रावरून गार वारे सुटले होते, धुराड्यातून बोचरी हवा खाली येत होती. तिने त्या भोकात खालून एक जुनी रजई ठासून भरली होती.

म्हणजे सगळं बरोबर होतं, आणि तरीही बदकं आत जात नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुसरं बदक मेलं. तसंच, जखम नाही, चोच उघडी. उरली सात. त्यांतली दोन शिंकत होती. बदक शिंकतं हे राव्याला तोवर माहीत नव्हतं. मान झटकायची आणि जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज काढायचा.

"एकोणीस वर्षं तुझ्या घरी बदक आलं," मावशी मक्याचे भिजवलेले दाणे निवडत म्हणाली, "कधी विचारलंस, ते रात्री झोपतं कुठे?"

मावशी टोमणा मारत नव्हती, सहज बोलली होती. म्हणूनच ते लागलं. एकोणीस रजब आई मिनीबसने कैरोला आली होती, मांडीवर टोपली घेऊन. पाचव्या मजल्यापर्यंत बदक ओरडत जायचं. शेजारची दारं उघडायची. राव्याला लाज वाटायची. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "आई, साफ करूनच आणत जा ना. जिन्यात सगळे बघतात." गेल्या वर्षी आईने बदक साफ करून आणलं, पिशवीत, बर्फ घालून. जिन्यात कुणाला काही कळलं नाही.

त्या दिवशी उन्हं उतरायच्या आधी राव्या एकटीच भट्टीघरात गेली. उभी राहिली. वास नाही, वारा नाही, काही नाही. मग तिच्या मनात आलं, मी उभी आहे, आणि बदकाचं नाक जमिनीपासून जेमतेम दीड वितीवर. ती आधी बसली. मग काळी पायघोळ गलाबिया सावरून सरळ भुशावर आडवी झाली आणि गाल जमिनीला टेकवला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग डोळे चुरचुरले. बुटक्या दारातून तिरकं ऊन आत येत होतं, आणि त्या उजेडात तिला दिसलं की आपल्या आडवं होण्याने उडालेला भुसा खाली बसतच नाही आहे. दुधावर साय तरंगावी तसा तो जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत होता. भिंतीला तिने बोट लावलं, ते ओलं झालं. पावसाचा थेंब नसताना छतावरून पाणी पाझरत होतं. हे कुठून आलं? सात जिवांच्या श्वासातून? एवढंसं बदक रात्रभरात किती पाणी सोडत असेल? ती विचार करत होती, तेवढ्यात तिला शिंक आली. मग दुसरी. मग थांबेचनात.

"या अल्लाह!" दारात मावशी उभी होती, हातातली दाण्यांची परात कलली होती. "एक बहीण गेली, आता भाचीही जमिनीवर! अगं ए राव्या! ऊठ! जिवंत आहेस का?"

"जिवंत आहे. मावशी, तू पण झोप."

"कुठे?"

"इथे. माझ्या शेजारी. नाक खाली कर."

"माझे गुडघे माझ्या लग्नापासून वाकलेले नाहीत, आता बदकांसाठी वाकवू?" असं म्हणत मावशी भिंतीला धरून, तिन्ही लोकांतल्या संतांची नावं घेत खाली आली आणि आडवी झाली. दोघी छताकडे बघत राहिल्या. मग मावशीने कूस वळवली, नाक खाली नेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा कसला वास?"

"तुलाही येतोय?"

"ओळखीचा आहे." मावशीने पुन्हा हुंगलं. "कपाटाचा! रबाबचं नवं कपाट आलं, ते मीच पहिल्यांदा उघडलं होतं. अस्साच वास. डोळ्यांतून पाणी काढलं होतं त्याने. मी म्हटलं, बायका समजतील मी भावूक झाले."

दोघींनी एकमेकींना ओढत उभं केलं. त्या संध्याकाळी बदकांना आत घातलं नाही. मावशीच्या जिन्याखाली फळ्या लावून त्यांना कोंबलं, आणि मावशी सांगते त्याप्रमाणे ती रात्रभर इरसाची वाट बघत जागी राहिली. सकाळी तिच्या घोरण्याने गल्ली उठली होती, ते वेगळं.

कारखान्यात उस्ता मुख्तार खुर्चीच्या पाठीला पॉलिशपेपर घासत होते. राव्याने ओंजळीतला भुसा त्यांच्यापुढे धरला.

"काका, हे कशाचं?"

त्यांनी बघितलं मात्र, हातातलं काम खाली ठेवलं. "हे तुला कुणी दिलं?"

"मीच घेतलं. दाराजवळच्या पोत्यातून. तुम्ही नमाजाला गेला होता."

"पोरी, ते फेकायचं पोतं. हे लाकूड नाही. एमडीएफच्या फळीची धूळ आहे, निम्मा डिंक आणि औषध. मी स्वतः तोंडाला फडकं बांधून कापतो." त्यांनी दुसऱ्या पोत्यात हात घालून कुरळ्या, पिवळसर सालींची मूठ बाहेर काढली. "हे खरं बीचचं लाकूड. तुझी आई हेच न्यायची. आणि तेही सरळ न्यायची नाही. मूठ नाकाशी धरायची, डोळे मिटायची, इतका वेळ उभी राहायची की मी म्हणायचो, हाज्जा, मी काय चोर आहे? तर म्हणायची, तू नाहीस रे मुख्तार, तुझी ती फळी चोर आहे. लाकूड म्हणवून घेते."

राव्या हसली. बावीस, नाही, पंचवीस दिवसांत पहिल्यांदा.

"सालीत हवा राहते," उस्ता सांगत होते. "ओल खाली उतरते, वरचा थर कोरडा. आणि वाफ जाते धुराड्यातून. म्हणून तर तिने माझ्याकडून त्याला तारेची जाळी ठोकून घेतली. मी म्हटलं, मासेमाराची जाळी लावू, फुकट मिळेल. नको म्हणाली, इरसा ती कुरतडतो. तासभर वर चढून..." ते थांबले. "काय झालं?"

"धुराडं मी बुजवलंय, काका."

"बुजवलंस? कशाने?"

"आईच्या रजईने."

 पोत्याचं तोंड सोडवून उस्ता साली भरू लागले, आणि भरून झाल्यावरही उगाच दाबत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "रबाबची सासू परवा विचारत होती, रजब कधी लागतो म्हणून. तिच्या घरात तीन कॅलेंडरं आहेत." घसा खाकरला. "मी काय म्हणतो, बाजारातही बदकं मिळतात. हाज्जाच्या शब्दाचं ओझं तुझ्यावर कशाला?"

"सात आहेत अजून," राव्या म्हणाली. "तुम्हाला फक्त दोन लागतात."

फोनवर जे वाचलं होतं ते तिने घरी येऊन पुन्हा उघडलं. थेट वारा नको, या वाक्याच्या खालीच लिहिलं होतं की बदकांच्या डोक्यावरून हवा खेळती हवी, थंडीपेक्षा कोंडलेली ओल जास्त घात करते. ते वाक्य पहिल्या वेळीही तिथेच होतं. ती वाचताना वरच्या ओळीवर थांबली होती.

रजई ओढून काढायला दोघी लागल्या. ती काजळीने काळी झाली होती आणि पिळता येईल इतकी ओली. मावशी ती जाळायला निघाली. राव्याने धुवायला ठेवली. सगळी धूळ ओल्या पोत्यात भरून बाहेर काढली, भिंती पुसल्या, दार दोन दिवस उघडं टाकलं. मग साली पसरल्या, पंजा बुडेल एवढ्या. पसरण्याआधी तिने एक मूठ नाकाशी धरली. गोडसर वास होता, किंचित ताकासारखा आंबूस. आईला यात काय कळायचं कोण जाणे. तिने डोळे मिटून बराच वेळ हुंगून पाहिलं.

संध्याकाळी ती डबा घेऊन उभी राहिली. मावशी दारात.

"आज नाही गेली तर?"

"तर तुझा जिना आहेच."

"माझ्या जिन्याचं नाव काढू नकोस. अजून तिथे चपला ठेवता येत नाहीत."

राव्याने तीन टिचक्या मारल्या आणि बाजूला सरकली. करडी बदकी उंबऱ्यापाशी आली. मान लांब केली. आत पाहिलं, डावीकडे, मग वर. बदक वर बघतं तेव्हा डोकं आडवं करून एकाच डोळ्याने बघतं. तशी ती बघत राहिली. मग तिने उंबऱ्यावर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि सालींत उतरून गोल फिरली. मागची सहा तिच्यामागे गेली, डुलत, कुरकुरत, जणू इतके दिवस उशीर राव्यानेच केला होता.

तिने कशावरून ओळखलं? वासावरून, की वरून येणाऱ्या हवेवरून? राव्याने दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या होत्या, त्यामुळे ते आता कळायला मार्ग नव्हता. एक संध्याकाळ धुराडं पुन्हा बुजवून बघावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिने कड्या लावल्या.

शिंका चार दिवसांत थांबल्या. मावशी रोज दुपारी मांडी घालून बसायची आणि निवडलेल्या दोघांच्या चोचीत भिजवलेले दाणे अंगठ्याने सारायची. एक करडी मादी, एक पांढऱ्या मानेचा नर. "खा, खा," ती म्हणायची, "सासूने उचललं की तिचा हात भरून आला पाहिजे."

रजबच्या पहिल्या सकाळी दोघी टोपली घेऊन निघाल्या. रबाबची सासू गच्चीत कपडे वाळत घालत होती, म्हणजे निदान तशी उभी होती. टोपलीतली करडी बदकी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायला लागली आणि दार येईपर्यंत थांबली नाही.

"कुणाकडून गं?" सासूने वरून विचारलं.

"हाज्जा बहियाकडून!" मावशी एवढ्या जोरात म्हणाली की समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. "रबाबचा मोसम! उचलून बघा, पाठ धरली तर आम्हाला बोल लावू नका!"

रबाब खाली धावत आली. तिने टोपली घेतली, राव्याकडे पाहिलं आणि बदकीच्याच पाठीत तोंड लपवलं. राव्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गच्चीतली सासू आता खरंच कपडे वाळत घालत होती.

दुपारी राव्या बदकांना पाणी घालायला अंगणात गेली, तर तिथे चारच होती.

 पाच हवी होती. भट्टीघर रिकामं. नळामागे नाही, जळणाच्या मोळ्यांमागे नाही. भरदुपारी इरसा? तिने जमिनीवर वाकून रक्त शोधलं, पिसं शोधली. मागचं दार उघडं होतं. ते तिने लावलेलं तिला पक्कं आठवत होतं. ती बाहेर धावणार, तेवढ्यात घराच्या पुढच्या दारावर थाप पडली. थापेबरोबर बदकाचं ओरडणं.

तिने दार उघडलं. दारात तहानी मावशी. धाप लागलेली, डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला, आणि हातात टोपली. टोपलीत पाय बांधलेलं पाचवं बदक, गळा फाडून ओरडत होतं. गल्लीत चार बायका थांबल्या होत्या.

"हे कुणाकडून?" राव्याने विचारलं.

"तुझ्या माहेराहून," मावशी म्हणाली. "कुणाकडून म्हणजे काय? मोसम आहे. आता सेहेचाळीस वर्षांची झालीस म्हणून काय झालं. नवरा नाही का तुला?"

"मावशी, हे माझ्याच अंगणातलं आहे."

"हळू बोल!" मावशी पुटपुटली. "मी सबंध गल्लीला वळसा घालून आले. मशिदीवरून, बेकरीवरून. सगळ्यांनी ऐकलंय. आता घे ना, माझे हात गळाले."

राव्याने टोपली घेतली. बदक जड होतं, तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जड. ते ओरडतच होतं. समोरची आणखी एक खिडकी उघडली, आणि राव्या दार न लावता, टोपली छातीशी धरून, त्यांना दिसावं म्हणून उंबऱ्यातच उभी राहिली. रडली तीही तिथेच, उघड्या दारात, आणि मावशीने तिला आत ओढलं नाही.

"कापायचं का संध्याकाळी?" बऱ्याच वेळाने मावशीने विचारलं. "कांदा मी चिरते. डोळ्यांना कारण मिळेल."

"राहू दे आजचा दिवस."

मगरिबला राव्याने बदकाच्या पायांची दोरी सोडली. तीन टिचक्या मारल्या. चार बदकं ओळीने आत गेली. पाचवं, दोरीने अवघडलेलं, लंगडत लंगडत मागून आलं, उंबऱ्यावर थांबलं, डोकं आडवं करून एका डोळ्याने वर पाहिलं आणि आत उतरलं. राव्याने दोन्ही कड्या लावल्या. गार हवेत, धुराड्याच्या जाळीतून आतल्या उबेची बारीक वाफ वर चढत होती, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत राव्या मान वर करून तिच्याकडे बघत राहिली.